काका, तिसरा सिलिंडर अजून ठणठणीत आहे

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

काल माझ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलचे टॅपेट पुन्हा सेट केले, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि त्यांना ढकलणारा भाग यांच्यातली बारीक फट लावली. आठही व्हॉल्व्ह, एकटीने. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या) फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, ०.१५ मिलिमीटरची पाती हवी तशी, किंचित धरत सरकली आणि गाडीखाली आडवी असतानाच तुमची आठवण आली. तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत. समोर असताना तुम्ही ते मानू दिले नसते, म्हणून हे उघड पत्र.

गाडी माझ्याकडे आली तेव्हाची अवस्था तुम्हाला आठवत असेल. १९६८चं मॉडेल, पंधराशे सीसी. चढावर दम टाकायची, उभी असताना थडथडायची. बीटल २००३पर्यंत बनत होती, एकूण २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. माझं तिथेच चुकत गेलं. मिळतंय म्हणून कॉइल बदलली, मग प्लग, मग वायरी, मग कार्ब्युरेटर. फरक शून्य. एका गॅरेजात सांगितलं की इंजिन संपलंय, उतरवावंच लागेल. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

तुम्ही आलात, मिनिटभर नुसतं ऐकलंत आणि विचारलंत, "काय काय मोजलंस?"

काहीच मोजलं नव्हतं, काका. नुसती बदलत सुटले होते.

मग तुमचा तो जुना कॉम्प्रेशन गेज निघाला, सिलिंडरमधला दाब मोजणारा. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि स्टार्टर मारायचा. पहिल्यात ११० पीएसआय, दुसऱ्यात ११५, चौथ्यात ११०. तिसऱ्यात ६५. उत्तर तुम्हाला तेव्हाच कळलं असणार, पण तुम्ही ते सांगितलं नाहीत. मला इंजिनाच्या मागे उभं केलंत आणि म्हणालात, पंख्याची हवा कुठून कुठे जाते ते बोटाने दाखव. दाखवता दाखवता माझं बोट इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरवर अडलं. जुन्या रचनेत तो पंख्याच्या पत्र्याआतच बसतो, नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत. त्यामुळे त्याला हवा कमी मिळते, आणि जी मिळते तीही तेलाच्या उष्णतेने तापलेली. कंपनीलाही हे ठाऊक होतं. प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये तिसऱ्याचा स्पार्क मुद्दाम दोन-चार अंश उशिरा ठेवलेला असतो, आणि पुढे कूलरची जागाच बदलली.

त्या उष्णतेत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू ताणला जातो आणि फट मिटत जाते. फट मिटली की व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीच्या कड्यावर, पूर्ण बसत नाही. बसला नाही तर त्याची उष्णता सीटमधून बाहेर जायला वाट उरत नाही, आणि मग तो जळतो. "टॅपेट थोडं वाजतंय तोवर झोप निवांत. गप्प झालं की मला सांग," हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार असताना गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, ही तुमची पहिली अट. तारेची क्लिप सोडून टॅपेट कव्हर खाली घेतलं, कोपरापर्यंत तेल आलं. पुलीवरची खूण क्रँककेसच्या (इंजिनाच्या कवचाच्या) जोडावर, डिस्ट्रिब्युटरमधला रोटर पहिल्या सिलिंडरवर. तिथून इंजिन अर्धा अर्धा फेरा उलटं फिरवत गेलं की एक, दोन, तीन, चार असा सरळ क्रम लागतो. तिसऱ्याला पोहोचले तर गेजमधली सगळ्यात पातळ पातीही आत जाईना.

फट लावून लॉकनट आवळला की ती बदलायची. मी चार वेळा लावली, चारही वेळा बिघडली. तुम्ही स्टुलावर बसला होतात, हात मांडीवर. तुमच्या हाताने ते काम अर्ध्या मिनिटाचं होतं. तुम्ही पाना मागितला नाहीत. पाचव्यांदा माझ्या लक्षात आलं की स्क्रूवरचा स्क्रूड्रायव्हर नट पूर्ण आवळेपर्यंत तसाच दाबून धरायचा असतो.

त्या संध्याकाळी तिसऱ्यात १०५ आले. इंजिन उतरवावं लागलं नाही.

बाकीही खूप आहे. पहिल्याच दिवशी, बाकी कशालाही हात लावायच्या आत, तुम्ही पेट्रोलची तडकलेली रबरी नळी बदलून घेतलीत, कारण मागे इंजिन असलेल्या या गाड्या त्याच नळीपायी पेटतात. मागच्या सीटखाली बॅटरी असते, तिच्या ॲसिडने खालचा पत्रा खाल्ला होता, तो तुम्ही नखाने खरवडून दाखवलात. पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते तुमचे मांडीवरचे हात. इतकं येत असताना गप्प बसून समोरच्याला चुकू द्यायला केवढा जीव लागतो, ते मला आता कळतंय. शेजारचा मुलगा हल्ली माझ्याकडे सायकलचे ब्रेक लावायला शिकतोय आणि दर दोन मिनिटांनी माझा हात पुढे जातो.

तुम्ही म्हणाला होतात, फट लगेच पुन्हा मिटायला लागली तर समज व्हॉल्व्ह ताणला जातोय, मग व्हॉल्व्ह ज्यात बसतात ते सिलिंडरचं हेड उतरवायचंच. म्हणून दर ५,००० किलोमीटरला मोजून लिहिते. चार नोंदी झाल्या, चारही सारख्या.

मनापासून आभार, काका.

पुढच्या महिन्यात मागचे ड्रम ब्रेक उघडणार आहे. आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हे लक्षात आहे. तुमचं स्टूल पुसून भिंतीशी ठेवलंय. याल ना?

तुमची,
बीटलवाली