तिच्या अर्जाबद्दल थोडं

तीर्थरूप आई-बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. बाबा, तुम्ही किती कौतुकानं म्हणालात, "पहिला नंबर कधी सोडला नाही तिनं, तिला कोण नाही म्हणणार?" फोन स्पीकरवर होता आणि तुमची नात समोरच बसली होती. ती हसली, मग उठून आत गेली. दार लावल्याचा आवाज आला. मी तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आज लिहायला बसले.

अमेरिकेतली हार्वर्ड आणि एमआयटी तिला नाही म्हणतील, हीच शक्यता जास्त आहे. हे लिहिताना माझाही हात जड होतो, कारण गेल्या वर्षी "तुझं होणारच" असं तिला सांगणारी मीच होते. तेव्हा मी आकडे पाहिले नव्हते. २०२४ साली हार्वर्डमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षासाठी ५४,००८ अर्ज आले आणि निवड झाली १,९३७ जणांची. शंभरात चारसुद्धा नाहीत. त्यातही तिथलीच मुलं, खेळाडू म्हणून घेतलेली मुलं, माजी विद्यार्थ्यांची मुलं, सगळी धरून हा आकडा. दुसऱ्या देशातून अर्ज करणाऱ्यांची वाट त्याहून अरुंद. एमआयटी तर उघडच सांगते, की परदेशी विद्यार्थी आम्ही वर्षाला दीडशेच्या आतच घेतो. त्या दीडशे जागांसाठी अख्ख्या जगातून हजारो अर्ज जातात, गणित-भौतिकशास्त्राच्या ऑलिम्पियाडमध्ये पदकं मिळवलेल्यांचेसुद्धा. तिथे पहिल्या नंबराची मुलं इतकी असतात, की नंबरावरून कुणाला वेगळं काढताच येत नाही.

मग बघतात काय? कितीतरी गोष्टी, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या हातात नसतात. त्या वर्षी कोणत्या विषयाची मुलं हवीत, कोणत्या भागातून किती जण आधीच घेतले, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. म्हणून आई, हमखास प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाकडे आम्ही जाणार नाही. अशी हमी कुणी देऊच शकत नाही.

आणि बाबा, ठेव मोडू नका. हात जोडून सांगते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांची निवड करतानाही घरच्या परिस्थितीकडे बघत नाहीत, आणि घेतलं तर जितकी गरज असेल तितकी मदत करतात. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलानं मदत मागितली की निवडीत त्याचा विचार होतो. मागणी मोठी असेल तर चांगला अर्जही मागे पडतो. तुमच्या ठेवीनं त्यात फरक पडण्याइतकी ती रक्कम लहान नसते. ती ठेव तुमच्या दुखण्याखुपण्यासाठी आहे, तिथेच राहू दे.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कळावी असं फार वाटतं. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांना चालणारा जो सामाईक अर्ज असतो, त्यात शाळेबाहेरची कामं लिहायला दहा रकाने असतात. प्रत्येक कामाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. तिनं अर्थातच तलावाचं काम लिहिलं. पाणी किती नितळ आहे ते मोजायला तीन वर्षं दर रविवारी ती काळी-पांढरी चकती दोरीनं पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या आणि वहीत टिपायचं. हे सगळं दीडशे अक्षरांत. दोन तास ती एकेक शब्द काढत होती. मी मागे उभी होते. शेवटी अकरा अक्षरं जास्त भरत होती. तिनं जे काढलं ते होतं, 'आजोबांनी बनवलेली'. काढून झाल्यावर बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग मला म्हणाली, "आई, हे निबंधात घेते. तिथे साडेसहाशे शब्द आहेत." आणि घेतलं. बाबा, पत्रा कापताना तुमचा अंगठा कापला होता, तेही आहे त्यात.

तो निबंध वाचणारा माणूस तिला घेईल की नाही, मला माहीत नाही. पण तिनं आणखी नऊ ठिकाणी अर्ज केले आहेत. त्यातली काही नावं तुम्ही ऐकली नसतील, पण गोड्या पाण्याच्या अभ्यासाला ती विद्यापीठं उत्तम आहेत. यादी तिनंच केली, शिक्षकांना विचारून, तिथले प्राध्यापक काय काम करतात ते वाचून. मला ती यादी पहिल्या दोन नावांपेक्षा जास्त आवडते.

एमआयटीचा निकाल १४ मार्चला असतो आणि हार्वर्ड ज्या गटात आहे त्या आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांचे महिन्याच्या अखेरीस, एकाच संध्याकाळी. तोवर कुणाला काही सांगू नका. आई, तुझ्या मैत्रिणींनाही नको. ज्यांना सांगू त्या प्रत्येकाला नंतर तिला उत्तर द्यावं लागेल, आणि ती सतराच वर्षांची आहे.

रविवारी फोन कराल तेव्हा निकालाचं काढू नका, तिला तलावाचं विचारा. गेल्या खेपेला चकती सातव्या गाठीलाच दिसेनाशी झाली. एरवी अकराव्या गाठीपर्यंत दिसते. असं का झालं असेल यावर तिनं चार पानं लिहिली आहेत, आणि ती तुम्हालाच आधी वाचून दाखवायची म्हणते आहे.

तुमची,
लेक