वेग पाण्याखालच्या हातात

संपादक महोदय,

शालेय जलतरण स्पर्धांमध्ये काठावरून एकच ओरड ऐकू येते: "हात मार, भराभर हात मार!" ओरडणारे बहुतेक पालक असतात, पुष्कळदा प्रशिक्षकही असतात, याचे वाईट वाटते. मी मुलांना फ्रीस्टाइल शिकवते. या सूचनेने हात भराभर फिरू लागतात, पाणी उडते, पण मूल त्या मानाने पुढे सरकत नाही.

कारण घाईत कोपर खाली पडते. हात पुढे पाण्यात शिरल्यावर कोपर वर ठेवून बोटे तळाकडे वळवली, तर तळहातापासून कोपरापर्यंतचा सगळा हात पाणी मागे ढकलतो. यालाच आम्ही 'कॅच' म्हणतो. कोपर आधीच घसरले तर तोच हात पाणी नुसते खाली दाबतो. छाती वर उचलली जाते, पाय बुडतात आणि पाण्याचा अवरोध वाढतो. वेग दुप्पट झाला की अवरोध साधारण चौपट होतो, तेव्हा केवळ दमाच्या जोरावर त्याच्याशी झगडणे मुलांना झेपत नाही.

साधा हिशेब पाहा. एका हातात 1 मीटर अंतर आणि मिनिटाला 80 हात, म्हणजे मिनिटात 80 मीटर. एका हातात 1.2 मीटर जाणारी मुलगी 70 हातांत 84 मीटर जाते. सूर आणि वळणे सोडली, तरी 100 मीटरला साडेतीन सेकंदांचा फरक पडतो. शर्यतीत तो प्रचंड आहे.

म्हणून भराभर हात मारणे चूकच, असे मात्र नाही. अमेरिकन जलतरणपटू जॅनेट इव्हान्सचे सरळ हात पवनचक्कीसारखे फिरत, आणि 1988 च्या सोल ऑलिंपिकमधला तिचा 400 मीटर फ्रीस्टाइलचा 4:03.85 हा विश्वविक्रम 2006 पर्यंत टिकला. पण पाण्याखाली तिची पकड पक्की होती. पाण्याबाहेर हात कसा दिसतो, याला मी फारसे महत्त्व देत नाही.

पालकांना विनंती आहे की वेळेबरोबर हातही मोजा. वेळ तीच राहून हात कमी झाले, तर मूल सुधारते आहे. आणि कोपर जागेवर येईपर्यंत हँड पॅडल (सरावात तळहातावर बांधायच्या सपाट पट्ट्या) देऊ नका. चुकीच्या ओढीचा सगळा भार कोवळ्या खांद्यांवर येतो.

आपली,
एक जलतरण प्रशिक्षिका