चुकली कॉइलची जागा, दंड मात्र चालकाला : रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सा. न. वि. वि.

मी सहा ॲक्सलच्या (चाकं जोडलेल्या आसांच्या) फ्लॅट ट्रेलरचा मालक आहे आणि तो चालवतोही मीच. परवा दोन पोलादी कॉइल, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळ्या, भरल्या. कारखान्याच्या काट्यावर गाडी भरली 54 टन, मर्यादा 55. पावती घेऊन निर्धास्त निघालो. पुढे नाक्यावर ॲक्सलवार वजन झालं. पुढचा ॲक्सल 7, घोड्याचे (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचे) मागचे दोन मिळून 18, ट्रेलरचे तीन मिळून 29 टन. या तिघांची मर्यादा 27. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 आणि दोन जादा टनांचे 4,000 रुपये दंड झाला, वर जादा भार उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

साहेब, वीस टनांची कॉइल अखंड असते. तिच्यातून दोन टन कसे काढू?

दोन रात्री मी केबिनमध्ये काढल्या. घरून बायकोचा फोन, माल पाठवणाऱ्याचा फोन, कर्जाच्या हप्त्याचा फोन. शेवटी पदरचे पैसे घालून क्रेन आणली आणि मागची कॉइल अडीच फूट पुढे घेतली. पुन्हा काटा केला तर सगळे ॲक्सल मर्यादेत. किलोभरही माल उतरला नव्हता! ती अडीच फुटांची चूक कारखान्याच्या क्रेनवाल्याची. कॉइल कुठे ठेवायची हे तिथे मला कुणी विचारत नाही, बोललो तर गेटबाहेर काढतात.

ॲक्सलच्या मर्यादेशी माझं भांडण नाही. भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सोळापट होते, हे मला मान्य आहे. पण 2018 मध्ये तुमच्याच खात्याने तीन ॲक्सलची मर्यादा 24 वरून 27 टन केली. याच हिशेबाने झीज दीडपटीहून जास्त वाढली. तेव्हा रस्त्याची काळजी कुठे गेली होती? खड्डे पडले की बोट मात्र आमच्याकडे.

कायदा वजन ॲक्सलवर मोजतो आणि माल भरताना मला आकडा मिळतो एकूण वजनाचा. मग रस्त्यावर येण्याआधी मला कळावं कसं? कलम 194 मध्ये गाडी चालवणाऱ्याइतकाच ती चालवायला लावणाराही दोषी आहे. वीस वर्षांत माल भरून देणाऱ्याच्या नावाने फाडलेली एकही पावती मी पाहिली नाही. त्याच्या दारात जायला कुणी धजत नाही. आम्ही रस्त्यावर सापडतो, म्हणून आम्हीच भरायचं. सगळी यंत्रणा अशीच चालते, जो हाताशी लागेल त्याच्याकडून वसुली.

जिथे माल भरला जातो तिथल्या काट्यावर प्रत्येक ॲक्सलगटाचं वजन करून ते पावतीवर छापणं सक्तीचं करा. भार चुकीचा ठेवला असेल तर दंड ठेवणाऱ्याला करा. माझ्याकडे कारखान्याची पावती आणि नाक्यावरच्या दोन पावत्या आहेत. बोलवाल तिथे घेऊन येतो.

आपला,
एक ट्रेलरचालक