गुरुवारी एक खोकं येईल

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आधीच सांगते, रागावू नका. मायक्रोवेव्ह घेतलाय, गुरुवारी येईल. दुकानदार परत घेत नाही. (घेतो. पण तुम्ही पाठवायचा नाही.)

त्या खिरीच्या पातेल्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बोलत नाही. गॅस माझाही चालू राहिलाय. पण बाबांचं रात्रीचं दूध तापवायला आई अर्धवट झोपेत उठते, ते मनातून जात नाही. बाई नको, माझ्याकडे यायला नको, मग मी तरी काय करू?

आई, इथे असताना तू म्हणाली होतीस, 'हा चालू झाला की डोक्यात गुणगुणतं.' मी हसले. तुझा चेहरा उतरलेला दिसला, तरी हसले. परवा बसून वाचलं, तर माणसाला मायक्रोवेव्ह लहरी खरंच ऐकू येतात! दुसऱ्या महायुद्धात रडारजवळच्या लोकांना डोक्यात टिकटिक व्हायची. पुढे १९६१-६२ मध्ये अ‍ॅलन फ्रे या अमेरिकन संशोधकाने ते तपासलं. लहरींचा जोरदार, निमिषभराचा ठोका बसला की डोक्याचा आतला भाग कणभर तापून प्रसरण पावतो आणि तो धक्का कानाच्या आत पोचतो. आपल्या ओव्हनमध्ये असले ठोके नसतात. तू ऐकलंस ते ट्रान्सफॉर्मरचं घुंऽऽ आणि पंखा. ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं, म्हणजे कान तुझेच चांगले.

बाबा, अन्नात किरण उरत नाहीत. ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं कृपया पुढे पाठवू नका. आतल्या मॅग्नेट्रॉनमधून लहरी निघतात, त्यांच्यामुळे अन्नातल्या पाण्याचे रेणू सारखे इकडून तिकडे वळतात आणि अन्न तापतं. बंद केला की संपलं, दिवा विझवल्यासारखं. लहर बारा सेंटीमीटरची आणि दारावरच्या जाळीची भोकं मिलिमीटरभर, म्हणून आतलं दिसतं पण लहर आतच राहते. मात्र दार वाकलं, नीट लागेना झालं, तर वापरायचा नाही. थोडं गळलेलं कातडीला कळत नाही. खूप असेल तरच ऊब लागते. 'काही जाणवत नाही ना' यावर जाऊ नका.

फोडणी, भाकरी, तुझा लोखंडी तवा, सगळं गॅसवरच राहू दे. हा फक्त दुधाला आणि उरलेल्या भाताला. स्टीलचं काही आत ठेवायचं नाही, बाबांचा पेलासुद्धा नाही. दोन चिनी मातीचे कप सोबत पाठवलेत. अंडं तर अजिबात नाही, फुटतं. लहरी वरच्या दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच पोचतात, म्हणून दूध एक मिनिट, ढवळायचं, मग पुन्हा अर्धा मिनिट.

दहावीला पहाटे चारला तू सायीसकट कप आणून ठेवायचीस आणि काही न बोलता जायचीस. साय यात नीट धरत नाही, ते तेवढं चालवून घ्या.

खोकं जड आहे. बाबा, ते घ्यायला तुम्ही खाली उतरायचं नाही. माणूस वर आणून देईल, मी पैसे दिलेत.

तुमची,
बबी