ताटाची डावी बाजू

ताई,

सप्रेम नमस्कार. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, माझं कामच आहे ते" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे उघड पत्र. चारचौघांनी वाचलं की उडवता येणार नाही.

स्ट्रोकनंतर घरी येऊन बाबांना सावरणं हे काम तुमचं होतंच. पण तुमच्या आधीही ते कुणाचं तरी होतं ना? स्ट्रोकनंतर बाबा ज्या हॉस्पिटलात होते, तिथले मोठे डॉक्टर राउंडला आले की पलंगाच्या डाव्या अंगाला उभे राहायचे, तिथूनच प्रश्न विचारायचे आणि बाबांनी मान वळवली नाही की फाइलवर शेरा: पेशंट सहकार्य करत नाही. तो कागद मी जपून ठेवलाय. पुढे एकांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. पैसे गेले, चष्मा कपाटात पडून आहे. एका नातेवाइकांनी तर "म्हातारपणी हट्टीपणा वाढतोच" असं निदान केलं, चहा घेतला आणि निघाले.

मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही जणांच्या लेखी डावीकडचं जगच उरत नाही, डोळे धड असूनही तिकडे लक्ष जात नाही, आणि काही राहून जातंय याचाही त्यांना बऱ्याचदा पत्ता नसतो, हे आम्ही पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. स्पेशियल निग्लेक्ट. मग एकेक जुळत गेलं. अर्धीच केलेली दाढी, लोंबणारी डावी बाही, घड्याळ काढायला सांगितलं तर बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले. पेपरातली 'महानगरपालिका' बाबा 'नगरपालिका' वाचायचे, म्हणजे १९८२ साली महानगरपालिका झालेलं आमचं ठाणं घरबसल्या त्याच्याही मागे गेलं होतं! तुम्ही पेपरच्या डाव्या कडेला लाल रेघ मारलीत आणि म्हणालात, "काका, रेघ सापडल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही."

आणि ती तलावपाळीची, म्हणजे ठाण्यातल्या तलावाकाठची गंमत. इटलीतल्या बिसियाक आणि लुझाती या दोघा संशोधकांनी १९७८ मध्ये मिलानच्या पेशंटना तिथला चौक नुसता आठवून सांगायला लावला होता, तर त्यांच्या आठवणीतलीही डावी बाजू गळाली होती. पण मनातल्या मनात समोरच्या टोकाला जाऊन उभं राहायला सांगितल्यावर नेमकं तेच गळालेलं सांगता आलं. हे सांगून तुम्ही बाबांना मनातच तलावाकाठच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहापाशी उभं केलंत, मग पलीकडे कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूला. पहिल्या खेपेला गायब झालेली दुकानं दुसऱ्या खेपेला धडाधड आली! जन्म ठाण्यात गेलेल्या माणसाचं अर्धं ठाणं कुठे जात होतं, ते त्या दिवशी मला दिसलं.

पण मला लिहायचंय ते त्या दुपारबद्दल. तुम्ही आलात तेव्हा बाबा जेवत होते. उजवीकडची भाजी संपलेली, भात मधोमध कापल्यासारखा अर्धा उरलेला, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. आणि बाबा कुरकुरत होते, "हल्ली हिला चटणी वाढायचं सुचत नाही." आई रोज पुन्हा वाढायची, अर्थातच डावीकडे, आणि रोज तेच ऐकायची. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हे ऐकावं लागतंय म्हणून ती हल्ली त्यांच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली होती. आम्हाला काही बोलली नव्हती.

तुम्ही ताटाकडे पाहिलंत आणि बाबांपाशी न जाता थेट स्वयंपाकघरात गेलात. ओट्याशी उभ्या असलेल्या आईला हळूच म्हणालात, "काकू, ते तुमच्यावर रागावलेले नाहीत हो. त्यांच्यासाठी ताट तिथंच संपतं." मग बाहेर येऊन बाबांच्या उजव्या हाताचं बोट ताटाच्या काठावर टेकवलंत. "काका, काठ सोडायचा नाही, हळूहळू पुढे जायचं." ताट फिरवलं नाहीत, चटणी दाखवली नाहीत. बोट काठाकाठानं सरकत डावीकडे गेलं, चटणीत बुडालं, बाबांनी ते चाटलं आणि ओरडले, "अगं, आहे की चटणी!" आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कोण जाणे. त्या दिवसापासून दोघं पुन्हा एकत्र जेवतात.

शिकलेली माणसं या काळात पुष्कळ भेटली. पेशंटच्या बायकोलाही काहीतरी लागलंय, हे ओळखणारं माणूस एकच भेटलं. या गोष्टीची फी कुठल्या पावतीवर लिहितात? आणि तुम्ही खोटी आशाही लावली नाहीत. समोरचं दृश्य एका बाजूला सरकवून दाखवणाऱ्या प्रिझमच्या चष्म्याचं मी कुठेतरी वाचून आले होते. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये त्याचा चांगला परिणाम दाखवला, पण पुढे काहींना गुण आला, काहींना नाही, हमी देणार नाही, असं तुम्ही तोंडावर सांगितलंत. डॉक्टरी पेशातल्या माणसाकडून 'हमी देणार नाही' हे शब्द इतके आपुलकीचे वाटू शकतात, हे मला नवीनच होतं.

बाबा अजून डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटतात. रस्ता ओलांडताना कुणीतरी लागतंच. पण पेपर वाचून आता पूर्ण महानगरपालिकेला शिव्या घालतात.

एक सांगायचं राहिलं. कळव्यातल्या एक बाई भेटल्या होत्या. त्यांच्या मिस्टरांचंही असंच चाललंय आणि तिथंही सगळे 'हट्टी आहेत' म्हणतायत. तुम्हाला न विचारता मी तुमचा नंबर दिलाय. फोन येईल, तेवढा घ्या.

तुमची,
काकांची मुलगी