घाटावरून पत्र

भूगाव, रविवार, 29 जून 2025

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. चिऊची शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. धाकट्याला सर्दी आहे, ताप नाही. आईशी रोज फोन होतोच, तरी पत्र लिहायला बसलो, कारण बाबा, तुम्ही फोनवर "बरं आहे ना? बरं" एवढंच म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. आमच्या सामानाचा टेम्पो श्रीवर्धनहून निघाला त्या दिवशी तुम्ही विळा घेऊन वाडीत मागच्या अंगाला गेलात आणि आम्ही वळणाआड होईपर्यंत बाहेर आला नाहीत. चिऊ मागच्या काचेला नाक लावून बसली होती. माणगाव येईपर्यंत ती विचारत होती, "आबोबा कुठे?"

आई, एक गोष्ट तुझ्याशी स्पष्ट बोलायची आहे. तू विहिरीवर शेजारच्या काकूंना म्हणालीस, "सुनेला घाटावर जायचं होतं, गेली घेऊन." काकूंनी मला येऊन सांगितलं असं समजू नकोस. मी पंपाच्या खोलीत होतो, माझ्या कानावर पडलं. हिला मी ते सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण तसं नाही गं आई. दोन वर्षं हीच नको म्हणत होती. "तुझे बाबा पोफळी लावतायत आणि आपण निघायचं?" हे तिचे शब्द. चिऊला मांडीवर घेऊन ताम्हिणीच्या वळणांवर ओकाऱ्या काढत ती दर पंधरा दिवसांनी चिऊच्या ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीला पुण्याला जायची, संध्याकाळी त्याच गाडीनं परत यायची आणि आल्यावर तुझ्या हाताखाली भाकऱ्या थापायची. घर हलवायचं मी ठरवलं. तेही एका दिवसात. तो दिवस तुम्हाला दोघांना आजवर सांगितला नव्हता.

गेल्या जुलैत आम्ही थेरपीला निघालो आणि निजामपुरातून गाडी परत फिरली, घाटात दरड आली होती, आठवतं? रात्री आठला घरी पोचलो आणि मी "गाडी उशिरा मिळाली" एवढंच बोललो. त्या दिवशी माणगावच्या स्टँडवर पाऊस धो धो लागला होता. चिऊच्या कानामागच्या ऐकण्याच्या मशीनवर प्लॅस्टिकची टोपी होती, तरी दमट आत शिरलं असावं. ते बंद पडलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. ही धाकट्याला घेऊन बाकावर बसली होती, मी चहा घ्यायला वळलो. तेवढ्यात चिऊ एका मांजराच्या पिल्लामागे गाड्या लागतात त्या बाजूला चालायला लागली. एक एसटी मागे येत होती. कंडक्टर शिट्टी फुंकत होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "चिऊ!" सगळा स्टँड वळून बघायला लागला. ती तेवढी वळली नाही. पिल्लाकडे बघत हसत चालत राहिली. एका भाजीवाल्या बाईनं दंडाला धरून तिला मागे ओढलं.

त्या बाईला मी नीट आभारही म्हटले नाहीत. माझे पाय थरथरत होते. परतीच्या गाडीत चिऊ खांद्यावर झोपली आणि मी हिला म्हटलं, पुढच्या जूनच्या आत आपण थेरपीच्या गावाला राहायला जायचं. ही रडली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

बाबा, तुम्ही विचाराल की मशीन बसवून तीन वर्षं झाली, आता मुलगी बोलते, मग इतकी घाई कशाला. मलाही तसंच वाटायचं. थेरपीच्या बाईंनी मला समोर बसवून समजावलं. मशीन आवाज आत पोचवतं, पण त्या आवाजाचा शब्द करायला मेंदूला शिकवावं लागतं आणि ते शिकण्याची भूक लहानपणी सर्वांत जास्त असते. आठवड्यातून दोनदा यायला हवं होतं, आम्ही पंधरा दिवसांतून एकदा यायचो. पावसाळ्यात तेही नाही. मोबाइलवर करून बघितलं, तर ऐन वेळी वीज जायची नाहीतर रेंज. 'स' हा आवाज फार बारीक आणि उंच असतो, अशा मुलांना तो उशिरा सापडतो. म्हणून ती इतके दिवस 'अमुद्र' म्हणायची. आपल्याला ते गोड वाटायचं. मीच तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचो. आता त्याचं वाईट वाटतं.

आणि बाबा, निसर्ग वादळाचा दिवस तर मी विसरूच शकत नाही. 3 जून 2020. कौलं पत्त्यासारखी उडत होती, मागच्या पडवीचा पत्रा फाटून चिंचेवर जाऊन अडकला, पोफळी मधोमध मोडताना फटाफट आवाज येत होते. आपण सगळे माजघरात कपाटाला टेकून बसलो होतो. आठ महिन्यांची चिऊ आईच्या मांडीवर गाढ झोपली होती. आई, तू म्हणालीस, "देवानं किती शांत पोर दिलीय, एवढ्यात एकदा दचकली नाही." आम्ही सगळ्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. पुढे वर्षभरानं पुण्यात कानाच्या बेरा तपासणीचा कागद हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा ते माजघर आठवलं. ती घाबरली नव्हती असं नाही, तिला ऐकूच येत नव्हतं. तुझं काही चुकलं नाही आई. मीही तेच समजलो होतो. पण तेव्हापासून माझ्या मनात एक बसलंय, की या पोरीच्या बाबतीत आता वेळ दवडायचा नाही.

वादळाच्या दुसऱ्या सकाळी बाबा वही घेऊन वाडीत फिरत होते. एकेका मोडलेल्या पोफळीला हात लावून वहीत रेघ मारायचे. दोनशे बारा रेघा. तुमच्या वडिलांनी लावलेल्या रोठा सुपारीच्या त्या पोफळी. त्या दिवशी जेवताना तुम्ही एवढंच बोललात, "पुन्हा लावू. बाळू आहे." पुढच्या पावसात आपण दोघांनी खड्डे मारले, रोपं लावली, उन्हाळ्यात झावळ्यांची सावली केली. नव्या पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात हे मला कोणी सांगायला नको. या एप्रिलमध्ये विहिरीकडच्या ओळीत तीन झाडांना फुलोऱ्याची पोय फुटली. तुम्ही मला हाक मारून दाखवायला नेलंत आणि तेव्हा माझ्या खिशात इथल्या भाड्याच्या घराची पावती होती. मी पोय बघितली, "छान आलीय" म्हणालो आणि तुम्हाला पावतीचं आठ दिवस सांगितलं नाही. माझं काही चुकलं असेल तर ते तिथे चुकलं. घर सोडण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळवायला नव्हे. त्याबद्दल मला माफ करा.

तुम्ही पाहुण्यांना पेशवे स्मारकाकडे न्यायचात तेव्हा मी लहानपणी मागे मागे यायचो. श्रीवर्धनची देशमुखी असलेलं भटांचं घराणं, जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं, बाळाजी विश्वनाथांना गाव सोडून घाट चढावा लागला आणि 1713 साली ते पेशवे झाले. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. आम्ही साधी माणसं, आमचं जाणं त्या जाण्यासारखं नाही. पण एक मला तेव्हापासून वाटत आलंय. पुढचं सगळे सांगतात, पण ते निघाले त्या दिवशी मागे घरात कोण राहिलं होतं, त्याचं कोणी बोलत नाही. टेम्पोत बसल्यावर मला तेच आठवत होतं.

आता इथलं सांगतो. आई, तुला घर बघायचंय ना? चौथा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लिफ्ट आहे, तुझ्या गुडघ्याला त्रास नाही. नळाला पाणी कमी, मे महिन्यापर्यंत इमारतीत टँकरवर भागवत होते म्हणे. आपली विहीर डोळ्यांसमोर येते. समोर तीन इमारतींचं काम चालू आहे, धूळ पुष्कळ. रात्री सगळं शांत झालं की मला झोप लागत नाही, कारण खरोखरच काही ऐकू येत नाही. जन्मापासून समुद्राची गाज कानात होती, ती थांबली की कान काहीतरी शोधत राहतात. पाऊस आहे, पण हा पाऊस म्हणजे भुरभुर. सगळा जोर ताम्हिणीवर उतरतो आणि आमच्या वाट्याला उरलेलं येतं. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागत नाहीत. काडी पहिल्या घासणीला पेटते. दोरीवरचे कपडे त्याच दिवशी वाळतात. आणि चिऊचं मशीन, जे तिकडे पावसाळ्यात रोज रात्री डब्यात वाळत ठेवूनही कुरकुरायचं, ते इथे आल्यापासून एकदाही बंद पडलेलं नाही.

कोथरूडला थेरपीला पीएमपीनं जातो. चांदणी चौकात गर्दी नसली तर अर्धा तास. मंगळवारी आणि शुक्रवारी. मला पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअरला काम मिळालंय, दुसरी पाळी मागून घेतलीय, म्हणजे सकाळी मीही जाऊ शकतो. शाळेत बाईंच्या गळ्यात एक छोटा माइक असतो. त्या फळ्याकडे तोंड करून बोलल्या तरी त्यांचा आवाज थेट चिऊच्या मशीनमध्ये येतो. पहिल्या दिवशी मी खिडकीतून बघत होतो. बाईंनी पाठमोरं उभं राहून सगळ्यांची नावं पुकारली. चिऊचं नाव आलं, तिनं हात वर केला. बाबा, तिकडे बालवाडीत पत्र्यावर पाऊस पडायला लागला की ती नुसती शेजारच्या मुलीची वही बघत बसायची. बाईंनी जीव लावून शिकवलं तिला, पण त्या पत्र्याखाली चांगल्या कानांच्या माणसालाही ऐकू येत नाही.

येताना मुळशीच्या धरणाजवळ टेम्पो थांबवला होता. चिऊनं विचारलं, हा समुद्र का? मी तिला तुमच्यासारखंच समजावून सांगितलं. हे पाणी डोंगराच्या पोटातून भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते, मग ते कुंडलिकेत जातं, कोलाडवरून रोह्याला आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचं मात्र राहिलं, ते तुम्हीच सांगा तिला. एवढ्या सगळ्यातलं तिला किती कळलं माहीत नाही. परवा शुक्रवारी थेरपीत बाईंनी समुद्राचं चित्र पुढे ठेवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग दातांना जीभ लावून, हळूहळू, फुंकर मारल्यासारखी म्हणाली, "स... समुद्र." हिनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. चिऊ पुढे म्हणाली, "आबोबांकडे."

'आजोबा'मधला 'ज' अजून यायचा आहे. येईल.

आता कामाचं. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे पोफळीवर बोर्डोची पहिली फवारणी आपण घाईत केली. सुपारी सडवणारा कोळे रोग या ओलीत झपाट्यानं येतो. दुसरी फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे आता वेळ झालीच. मी शुक्रवारी 11 जुलैला दुसरी पाळी संपवून रात्री निघून शनिवारी सकाळी घरी पोचतो, उघडीप मिळाली तर दोन दिवसांत सगळी वाडी मारून होईल. तोवर बाबा, तुम्ही शिडी लावू नका. झाडावर चढणाऱ्या पाडेल्याला बोलवायचं झालं तर बोलवा, पण तुम्ही खाली उभे राहून सांगा. बुंध्याला शेवाळ आहे आणि तुमच्या पायाचा भरवसा नाही. ही विनंती मी एकट्याची नाही, हिचीही आहे.

गणपती 27 ऑगस्टला. आम्ही चार दिवस आधी येतो. लहानपणी चाकरमान्यांच्या गाड्या यायच्या तेव्हा मी नाक्यावर मोजत बसायचो, आता मीच एक झालो. आणि सुपारी उतरवायच्या दिवसांत मी दर पंधरा दिवसांनी येणार आहे, तसं कारखान्यात आधीच बोलून ठेवलंय. नव्या झाडांची पहिली सुपारी माझ्याशिवाय सोलू नका.

गणपतीनंतर तुम्ही दोघं महिनाभर इकडे यावं असं आम्हाला फार वाटतं. श्रीवर्धन-पुणे गाडी आमच्या इमारतीसमोरच्या रस्त्यानं जाते. रोज सकाळी मी गॅलरीत उभा राहून तिची पाटी वाचतो. स्वारगेटपर्यंत जायची गरजच नाही, कंडक्टरला भूगाव सांगा, मी खाली उभा असेन.

बाबा, एक मागणं. फोन व्हिडिओवर लावा आणि उजेडाकडे तोंड करून ओटीवर बसा. चिऊला फोनचा आवाज अजून नीट लागत नाही, ओठ दिसले की तिला अंदाज येतो. एका वेळी एकच वाक्य बोला, सावकाश. रोज संध्याकाळी सातला ती मोकळी असते. आईकडे फोन नंतर द्या.

धाकट्याला आणि चिऊला आशीर्वाद असावा. हिचा दोघांना नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. बोर्डोसाठी मोरचूद मी इथून घेऊन येतो. कळीचा चुना तिकडचा ताजा लागेल, दहा किलो घेऊन कोरड्या डब्यात झाकून ठेवा. पंपाच्या खोलीची किल्ली तुळशीमागच्या खोबणीत आहे. आणि आई, फणसपोळी संपली.