बेल्टचा ताण ओळखायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

समोर येऊन आभार मानू लागले की तुम्ही आईच्या तब्येतीची चौकशी करता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिले आहे, कारण त्या रविवारी तुम्ही जे शिकवलेत ते जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आईचे डायलिसिस आटोपून आम्ही ठाण्याहून ऐरोलीला परतत होतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाचे पाणी साचले होते. त्यातून गाडी बाहेर काढली तशी बोनेटखालून कर्कश किंचाळी सुरू झाली, बॅटरीची लाल खूण पेटली, वायपर मंदावले आणि हेडलाइटचा उजेड पिवळा पडला. मागच्या सीटवर आई डोळे मिटून पडली होती आणि गाडी बंद पडली तर तिला भर पावसात कशी उतरवायची, याखेरीज मला काही सुचत नव्हते. ज्या गॅरेजने महिन्यापूर्वी दिवे मंद होतात म्हणून नवी बॅटरी बसवून दिली होती, तिथे फोन केला तर सोमवारी गाडी आणा आणि दोन दिवस ठेवून जा, असे उत्तर मिळाले. मंगळवारी आईच्या डायलिसिसची पुढची पाळी होती.

पार्किंगमधला तो आवाज ऐकून तुम्ही छत्री घेऊन स्वतःहून खाली आलात, हे मी विसरणार नाही. बोनेट उघडण्याआधीच तुम्ही म्हणालात, ‘‘बॅटरीचा दोष नाही, फॅन बेल्ट घसरतोय.’’ तरीही नुसत्या अंदाजावर न थांबता तुम्ही बॅटरीला व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावलात. इंजिन बंद असताना 12.3 व्होल्ट आणि इंजिन चालू करून दिवे लावल्यावर 11.9. चार्जिंग नीट होत असेल तर हा आकडा साधारण 13.8 ते 14.4 असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर या बेल्टनेच फिरतो. आमच्या गाडीत तोच बेल्ट इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही फिरवतो, त्यामुळे तो तुटला असता तर चार्जिंगबरोबर इंजिनचे थंड होणेही थांबले असते.

रविवारी सकाळी तुम्ही बोल्ट सोडवायचे पाने आणलेत आणि ते माझ्या हातात दिलेत. एसटीच्या कार्यशाळेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाला हे काम पंधरा मिनिटांचे होते. माझ्यासाठी तुम्ही अख्खी सकाळ दिलीत आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावलीत. मग अल्टरनेटरचा खालचा बोल्ट, ज्यावर तो झुलतो, नुसता सैल केला आणि वरच्या लांबट खाचेतला बोल्ट ढिला करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला. बेल्ट आपोआप हातात आला. स्क्रू-ड्रायव्हर घालून बेल्ट पुलीवरून ओढू नये, त्याने आतले धागे तुटतात, हे तुम्ही दोनदा बजावलेत.

तो जुना बेल्ट तुम्ही मला उन्हात उलटा वाकवून दाखवलात. दोन्ही कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या आणि आतल्या बाजूला बारीक आडव्या भेगा होत्या. पुलीच्या खाचेत बोट फिरवायला सांगितलेत, तर तळही तसाच चकाकत होता. व्ही आकाराचा बेल्ट दोन्ही कडांनी पुली धरतो. झिजून तो तळाला टेकला की पकड संपते आणि मग कितीही ताणला तरी घसरतोच. त्यावरचा नंबर पुसला गेल्यामुळे तो नमुना म्हणून घेऊन मी दिघ्याच्या दुकानातून नवा आणला.

ताण देताना माझी चूक झाली. हातोड्याचा लाकडी दांडा अल्टरनेटरच्या जाड भागाला टेकवून (मागच्या पातळ ॲल्युमिनियमच्या झाकणाला नव्हे) मी सारा जोर लावला आणि वरचा बोल्ट आवळला. आवाज पुन्हा नको, एवढेच डोक्यात होते. तुम्ही बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिलात आणि म्हणालात, ‘‘आवाज बंद होईल, पण बेअरिंग जाईल.’’ बेल्ट ढिला असला तर निदान ओरडून सांगतो, जास्त ताणलेला मात्र गुपचूप अल्टरनेटरचे आणि वॉटर पंपाचे बेअरिंग खातो, हे तुमचे वाक्य मी लिहून ठेवले आहे. मग दोन पुलींमधल्या सर्वांत लांब टप्प्याच्या मधोमध दाबून, शाळेची फूटपट्टी आडवी धरून, गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे 6 ते 9 मिलिमीटर दबेल इतकाच ताण ठेवला. तीन वेळा सोडून पुन्हा लावायला लावलात. तिसऱ्या वेळी फूटपट्टी धरण्याआधीच अंगठ्याला ते कळले. काका, माझ्या मते त्या दिवसाची खरी देणगी ती होती.

दहा मिनिटे इंजिन चालवून बंद केल्यावर बेल्ट पुन्हा थोडा सैल झालेला निघाला. नवा बेल्ट खाचेत बसतो तेव्हा असे होतेच, म्हणून आठवड्याने परत बघायचे, हेही तुम्ही सांगितलेत. हे वाचणाऱ्यांसाठी तुमची एक सूचना इथे नोंदवते: अलीकडच्या अनेक गाड्यांत रुंद, रेघांचा बेल्ट आणि आपोआप ताण देणारा टेन्शनर असतो, तिथे ही दांड्याची रीत वापरू नये.

मंगळवारी सकाळी आम्ही वेळेवर निघालो. वाटेत पाऊस होता, वायपर आणि दिवे दोन्ही चालू होते आणि बोनेटखालून कसलाही आवाज आला नाही. आईने विचारले, ‘‘गाडी बदललीस का?’’

काल आठवडा झाला. बेल्ट दाबून पाहिला, 7 मिलिमीटर. दिवे लावून 14.1 व्होल्ट. तुमचा 12 नंबरचा पाना माझ्याकडेच राहिला आहे. तो पुसून, तेल लावून ठेवला आहे, संध्याकाळी आणून देते.

तुमची कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण